हिरा बघायचा कसा आणि त्याचे द्यायचे किती

(१९८४ च्या दहावीच्या बॅचच्या चाळीस वर्षांच्या स्नेहमेळाव्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडंसं नीटनेटकं केलं आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



आत्ता माझी ओळख करून देताना 'हिऱ्यांचे व्यापारी' असं म्हटलं गेलं. ते आधी दुरुस्त करतो, नाहीतर जेवणाच्या वेळी देणगीची पावती हातात येईल. मी व्यापारी नाही. अडतीस वर्षं मी दुसऱ्यांचे हिरे पाहिले. बारावीला गणितानं दगा दिला, आणि १९८६ साली मामाच्या ओळखीनं ऑपेरा हाऊसला, पंचरत्न इमारतीतल्या एका ऑफिसात, माल वेगळा करायच्या टेबलावर बसलो. सगळे पालनपुरी आणि काठियावाडी, आणि मधे मी एकटा नाशिक जिल्ह्यातला. पहिले सहा महिने मला गुजराती येत नव्हतं आणि त्यांना माझं आडनाव उच्चारता येत नव्हतं. पुढे २०१० साली वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाला, तिकडे गेलो. टेबल बदललं, काम तेच. उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड, पांढरा कागद, चिमटा आणि डोळ्याला लावायचा दहापट मोठं दाखवणारा आयग्लास.

आज हा विषय मी निवडलेला नाही. आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीनं तो मला दिला आहे. ती इथे बसली आहे. 'नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग,' असं तिनं बजावलंय. तेव्हा मागे वळून शोधू नका.

२०१४ च्या मेळाव्यात, इथेच, जेवणाच्या रांगेत, तिनं मला तिची अंगठी दाखवली होती. नोकरीला वीस वर्षं झाली म्हणून २०१० साली स्वतःच्या पैशांनी घेतलेली. एक कॅरेटचा एकच गोल हिरा. सोनं, मजुरी धरून एक लाख चौऱ्याऐंशी हजार, त्यातला हिरा दीड लाखाचा. आमच्यासारख्यांच्या खिशात आयग्लास कायम असतो, त्यामुळे सगळ्यांनी 'बघ, बघ' केलं. मी पाहिलं. आयग्लास लावायचीही गरज नव्हती. हिऱ्याच्या मधोमध काळा ठिपका बसल्यासारखा दिसत होता आणि हिरा एक कॅरेटच्या मानानं लहान होता. मी म्हणालो, 'छान आहे.'

आमच्या बाजारात एक रीत आहे: घेतलेल्या मालाला नाव ठेवायचं नाही. घेणाऱ्याचा आनंद जातो आणि पैसे काही परत येत नाहीत. मीही तेच केलं, आणि पुरणपोळी घ्यायला पुढे सरकलो.

२०१९ मध्ये तिच्या यजमानांची बायपास झाली. अंगठी मोडायला नेली तेव्हा एका दुकानानं हिऱ्याचे अठ्ठावन्न हजार सांगितले, दुसऱ्यानं नुसतं 'बघून सांगतो' म्हटलं. तिनं मला फोन केला. मी हिरा बाजारात चार जणांना दाखवला, एकाहत्तर हजार मिळाले. पैसे द्यायला गेलो तेव्हा तिनं सरळ विचारलं, 'तुला तेव्हाच दिसलं होतं ना?' मी हो म्हटलं. मग तिनं जुनं बिल काढलं. त्याच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं की पाच वर्षांच्या आत हिरा बदलून घेतला तर ऐंशी टक्के किंमत धरली जाईल. म्हणजे एक लाख वीस हजार. २०१४ साली ती मुदत चालू होती. मी त्या रांगेत तोंड उघडलं असतं तर तिला त्या पैशांत नीट हिरा मिळाला असता. मधला फरक मी देऊ केला. तिनं घेतला नाही. म्हणाली, 'त्यापेक्षा पुढच्या मेळाव्यात सगळ्यांना बघायला शिकव.' मधे करोना गेला, मेळावा आज होतोय.

तर शिकवतो. आणि सुरुवात आपल्या विज्ञानाच्या सरांपासूनच करावी लागेल, कारण हिऱ्याचं निम्मं रहस्य त्यांनी आपल्याला या शाळेच्या प्रयोगशाळेत सांगितलं होतं. काचेचा लोलक, टॉर्च आणि 'पूर्ण आंतरिक परावर्तन'. किरण दाट माध्यमातून बाहेर येताना एका ठरावीक कोनापेक्षा जास्त तिरका आदळला तर तो बाहेर पडतच नाही, आरशासारखा आत परततो. सर, तो क्रांतिक कोन. साध्या काचेला तो ४२ अंशांच्या आसपास असतो. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, म्हणून त्याचा क्रांतिक कोन फक्त साडेचोवीस अंश. म्हणजे आत शिरलेला उजेड कोंडून ठेवण्यात हिरा काचेपेक्षा कितीतरी पटाईत. पण कोंडलेला उजेड तुमच्या डोळ्याकडेच परत पाठवायचा की खालून, बाजूनं सोडून द्यायचा, हे हिरा ठरवत नाही. ते घासणारा कारागीर ठरवतो. त्यालाच कट म्हणतात.

इथे एक गोंधळ आधी दूर करतो. गोल, चौकोनी, पानाच्या आकाराचा हे झाले आकार. कट म्हणजे त्या आकारातल्या पैलूंची मापं, कोन आणि घासण्याची सफाई. दुकानात 'राऊंड कट आहे' असं सांगतात तेव्हा त्यांनी फक्त आकार सांगितलेला असतो.

गोल हिऱ्याला ५७ पैलू असतात, खालचं टोक घासून सपाट केलं असेल तर ५८. वरच्या भागाला आमचे कारागीर मथाळा म्हणतात, खालच्या निमुळत्या भागाला तळिया. मधली कड म्हणजे गर्डल, वरचा मोठा सपाट पैलू म्हणजे टेबल. उजेड टेबलातून आत येतो, तळियाच्या एका भिंतीवर आपटतो, समोरच्या भिंतीवर जातो आणि वर परततो. त्या भिंतींचा कोन बरोबर असेल तरच. तळिया फार खोल झाला तर दुसऱ्या भिंतीवर किरण जरा जास्तच उभा आदळतो आणि खालून निसटतो, मग हिरा मधोमध काळा दिसतो. याला बाजारात नेलहेड म्हणतात, खिळ्याचं डोकं. तळिया उथळ झाला तर टेबलाच्या आत गर्डलचंच प्रतिबिंब पांढरट वर्तुळासारखं दिसतं, माशाच्या डोळ्यासारखं. दोन्हींत हिरा खरा, पांढरा, स्वच्छ असू शकतो. तो फक्त मेलेला असतो.

मार्सेल टोल्कोव्स्की नावाच्या एका तरुणानं १९१९ साली हे गणित कागदावर मांडलं. हिरे घासणाऱ्या घराण्यातलाच मुलगा. त्याचं उत्तर असं: तळिया ४०.७५ अंश, मथाळा ३४.५ अंश, टेबल व्यासाच्या ५३ टक्के. शंभर वर्षं झाली, यंत्रं आली, लेझर आलं, तरी चांगला गोल हिरा अजून त्याच आकड्यांच्या आसपास फिरतो. बारावीच्या गणितात मी ज्या त्रिकोणमितीत पडलो, तिच्यावर पुढे माझं सगळं घर चाललं. गणिताच्या बाई हसताहेत.

मग कारागीर सगळेच हिरे असे का घासत नाहीत? हौस नाही म्हणून नव्हे. कच्च्या दगडाचं साधारण निम्मं वजन घासण्यात धुळीत जातं, आणि विक्री होते वजनावर. त्यातही १.०० कॅरेट, ०.७०, ०.५० अशा पायऱ्या आहेत, त्या ओलांडल्या की दर कॅरेटचा भावच उडी मारतो. आता समजा एका कच्च्या दगडातून नीट कोनात घासला तर ८५ सेंटचा झकास हिरा निघतो, आणि पोट मोठं ठेवलं, कड जाड ठेवली तर बरोबर १.०० कॅरेटचा निघतो. कारागिराच्या मालकानं काय करावं? तुम्ही-मी त्या खुर्चीत असतो तर काय केलं असतं, याची मला खात्री नाही. घेणाऱ्याला वजन कळतं, कट कळत नाही, तोवर पोटं मोठीच राहणार.

आपल्या मैत्रिणीचा हिरा नेमका असाच होता. व्यास ६.१५ मिलिमीटर, खोली ६७.५ टक्के, गर्डल अतिजाड. एक कॅरेटचा नीट घासलेला गोल हिरा ६.४ ते ६.५ मिलिमीटर भरतो. म्हणजे वरून पाहिलं तर तिचा हिरा पंच्याऐंशी सेंटच्या चांगल्या हिऱ्याएवढाच. उरलेलं वजन पोटात, अंगठीच्या घरात, जिथे कुणाची नजर पोचत नाही. बाजारात चौघांनी तो पाहिला तेव्हा एकानंही त्याला एक कॅरेटचा हिरा म्हटलं नाही. 'पुन्हा घासला तर ऐंशी-पंच्याऐंशी सेंट निघेल' असा हिशेब केला, आणि वर घासायची मजुरी आणि जोखीम कापली.

गंमत अशी की तिच्याकडे सर्टिफिकेट होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्यावर कटच्या पुढे 'फेअर' लिहिलं होतं. ती इंग्रजी शिकवते. ती म्हणाली, 'मला वाटलं फेअर म्हणजे वाजवी, नितळ.' त्या कागदावरची उतरंड अशी असते: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. म्हणजे फेअर हा शेवटून दुसरा. विक्रेत्यानं इतकंच सांगितलं होतं, 'ताई, सर्टिफाइड आहे.' प्रगतिपुस्तक आहे म्हणजे मुलगा पास झाला असं होत नाही, हे शिक्षिकेला मी काय सांगणार.

वजनाचा मोह फक्त दुकानातला नाही. आपल्या सहावीच्या सहलीत आपण त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. त्या देवस्थानाशी ज्याचं नाव जोडलं जातं तो नासक हिरा, म्हणजे आपला नाशिकचाच, पेशवाई बुडाल्यावर १८१८ साली इंग्रजांच्या हाती पडला. लंडनला गेला आणि पुन्हा घासला गेला, तेव्हाही तो ऐंशी कॅरेटांच्या वर होता. १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननं तो परत घासायला घेतला आणि ४३.३८ कॅरेटवर आणला. कोहिनूरचंही तेच. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांनी तो पाहिला आणि 'हा चमकत कसा नाही' म्हणून नाकं मुरडली. पुढच्याच वर्षी राणीच्या यजमानांनी तो घासून घेतला: १८६ कॅरेटांचा १०५.६ झाला. आपल्याकडे जुने पारखी वजन आणि दगडाचं पाणी मानायचे, तिकडे लखलखाट मानायचे. त्या घासण्यानं जे गेलं त्याची मला हळहळ वाटते, ते सोडा. पण ज्यांच्याकडे पैशांची कमी नव्हती त्यांनीही उजेडासाठी निम्म्याच्या आसपास वजन सोडलं, एवढं लक्षात ठेवा.

तुमच्या घरात आजीच्या हिऱ्याच्या कुड्या असतील तर त्यांना मात्र मी आत्ता सांगतोय ती मापं लावू नका. त्यातल्या जुन्या घाटाच्या हिऱ्यांचं टेबल लहान, मथाळा उंच, आणि खालचं टोक सपाट असतं, वरून बघितलं तर मधे भोक असल्यासारखं दिसतं. ते समईच्या आणि दिव्याच्या उजेडासाठी बरे. कुणी 'घासून नवीन करून देतो' म्हटलं तर नको म्हणा.

आता दुकानात. आपण काचेच्या पलीकडे उभे असतो आणि छतावरून पंधरा-वीस छोटे प्रखर दिवे आपल्यावर रोखलेले असतात. त्या उजेडात बाटलीची काचही चमकेल. हिरा हातात घ्या आणि दाराशी, सावलीच्या उजेडात या. थेट उन्हात नको, तिथेही सगळं चमकतं. दुकानदार 'बाहेर नेऊ देत नाही' म्हणाला तर त्याचंही बरोबर आहे, त्याचा माल आहे. त्याला सोबत यायला सांगा, किंवा टेबलाच्या खाली, साध्या ट्यूबलाइटच्या उजेडात धरा. हातभर लांबून बघा आणि हळूहळू हलवा. काळं-पांढरं जिथल्या तिथे न राहता सारखं जागा बदलत असेल तर हिरा जिवंत आहे. मधला काळेपणा हलवूनही हलत नसेल, किंवा कडेला राखाडी पट्टा पडून हिरा आहे त्याहून लहान वाटत असेल, तर परत द्या. एकटा हिरा कधी बघू नका. शेजारी दुसरा ठेवायला सांगा, त्याच वजनाचा. माणसाचा डोळा एकट्या वस्तूला फसतो, जोडीला सहसा फसत नाही. आम्ही अडतीस वर्षं हेच केलं, नमुन्याचा हिरा शेजारी ठेवून.

आणि बघण्याआधी पुसायला सांगा. तेलकटपणा हिऱ्याला फार लवकर धरतो. पूर्वी खाणींत खडीतून हिरे वेगळे करायला चरबी लावलेले फळे वापरायचे, पाण्याबरोबर बाकीचे दगड वाहून जायचे आणि हिरे चरबीला चिकटायचे. तुमच्या बोटातल्या अंगठीचंही रोज तेच होतं. घरी कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि मऊ टूथब्रश. अर्ध्या लोकांचे हिरे नुसते धुतले तरी बायकोला नवीन वाटतील.

मग कागद वाचा. सर्टिफिकेटचा नंबर प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर स्वतःच्या मोबाइलवर घालून बघा, दुकानाच्या संगणकावर नव्हे. बऱ्याच हिऱ्यांच्या गर्डलवर लेझरनं तोच नंबर कोरलेला असतो. आयग्लासमधून तो दाखवायला सांगा. मग मिलिमीटर बघा. गोल हिऱ्याला ढोबळ मापं ही: ३० सेंटला ४.३, ५० सेंटला ५.१ ते ५.२, ७० सेंटला ५.७, एक कॅरेटला ६.४ ते ६.५. याहून बराच कमी असेल तर वजन पोटात आहे. टेबल ५४ ते ५८ टक्के, खोली ५९ ते साडेबासष्ट, मथाळा ३४ ते ३५ अंश, तळिया ४०.६ ते ४१. एखादा आकडा जरा इकडेतिकडे झाला तर लगेच नाकारू नका, मथाळा आणि तळिया एकमेकांना सांभाळून घेतात. पण दोन्ही एकदम उंच आणि खोल असतील तर पळा. आणि गर्डल 'अतिजाड' लिहिलं असेल तर तुम्ही कडेचे पैसे देताय, 'अतिपातळ' असेल तर टवका उडायची भीती.

'थ्री एक्स' हा शब्द तुम्ही ऐकाल. कट, पॉलिश, सिमेट्री तिन्हींत एक्सलंट. जीआयएनं गोल हिऱ्यांना कटची श्रेणी द्यायला २००६ मध्ये सुरुवात केली, तेव्हापासून हा शब्द दुकानादुकानात पोचला. तो असावाच, पण एक्सलंट ही मोठी खोली आहे, तिच्यात दारापाशी उभा असलेलाही असतो. म्हणून वरचे आकडे आणि तुमचा डोळा. शिवाय जीआयए ही कटची श्रेणी फक्त गोल हिऱ्याला देते. पानाचा, चौकोनी घेणार असाल तर सगळी मदार डोळ्यावर. हिरा अक्षरांवर धरा. मधल्या भागातून खालची अक्षरं वाचता आली तर ती खिडकी आहे, आरसा नाही.

आपल्याकडे दुकानात 'ईएफ-व्हीव्हीएस' हा मंत्र आहे. रंग उत्तम, स्वच्छता उत्तम. मला विचाराल तर तिथे पैसे वाचवा. व्हीव्हीएस आणि व्हीएस यांच्यातला फरक आयग्लासशिवाय तुम्हाला दिसणार नाही, मलाही दिसत नाही. पिवळ्या सोन्यात बसवल्यावर ई आणि जी रंगातला फरकही दिसत नाही. कट मात्र हातभरावरून दिसतो. गरीब कटचा ईएफ-व्हीव्हीएस मी रोज पाहिलाय, आणि चांगल्या कटचा एच-व्हीएस शेजारी ठेवला की तो रडायला लागतो.

आता भाव. अमेरिकेतून १९७८ पासून रॅपापोर्ट नावाचं एक भावपत्रक निघतं, दर आठवड्याला. सगळा बाजार 'रॅप'वर बोलतो. त्यात वजनाचे गट आहेत, उभ्या-आडव्या रकान्यांत रंग आणि स्वच्छता आहे. कटचा रकाना नाही! एकाच चौकटीतले दोन हिरे, एक जिवंत आणि एक मेलेला, पत्रकात सारखेच. फरक पुढे सौद्यात पडतो. पत्रकातला भाव हा मागायचा भाव असतो, प्रत्यक्षात सौदा त्याहून इतके टक्के खाली होतो, आणि ते किती टक्के, हे मुख्यतः कट आणि मागणी ठरवते. म्हणून कुणी तुम्हाला मोबाइलवर ते पत्रक दाखवून 'बघा साहेब, रॅपपेक्षा पंचवीस टक्के खाली देतोय' म्हणालं तर उपकार समजू नका. कदाचित तो हिरा बाजारात पंचेचाळीस टक्के खाली पडून असेल.

तुमच्या हातात जे आहे ते असं: बिलाचे तुकडे पाडून मागणं. हिशेब समजावा म्हणून आकडे घेतो. अंगठी दोन लाख छत्तीस हजार नऊशेची. त्यात तीन टक्के जीएसटी सहा हजार नऊशे, उरले दोन लाख तीस हजार. सोनं बावीस हजार, मजुरी आठ हजार, म्हणजे हिरा दोन लाखाचा. हिरा ऐंशी सेंटचा असेल तर कॅरेटला अडीच लाख. हा 'कॅरेटला अडीच लाख' आकडा घेऊन दुसऱ्या, तिसऱ्या दुकानात जा. तोच आकार, वजन, रंग, स्वच्छता, कट, तीच प्रयोगशाळा. प्रयोगशाळा बदलली की तुलना बिघडते, सगळ्यांचा हात सारखा कडक नसतो. तीन ठिकाणी विचारलंत की वाजवी भाव तुम्हाला आपोआप कळतो. माझ्यासारख्याला फोन करायची गरज नाही. केलात तर उचलेन.

सोन्याच्या वजनातही एक चूक सर्रास होते. कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. अंगठी काट्यावर ४.१६ ग्रॅम भरली आणि हिरा ऐंशी सेंटचा असेल, तर ०.१६ ग्रॅम हिरा आणि सोनं ४.०० ग्रॅम. सोन्याचे पैसे ४.१६ चे लावले असतील तर तुम्ही त्या तुकड्याचे दोनदा पैसे दिलेत. हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी ही सोन्याची हमी आहे, हिऱ्याशी तिचा काही संबंध नाही. आणि १८ कॅरेट सोनं म्हणतात तो शुद्धतेचा कॅरेट, हिऱ्याचा वजनाचा. नाव एक, माणसं दोन.

एकाच मोठ्या हिऱ्याऐवजी सात बारीक हिऱ्यांचं फूल करतात, ते दिसायला मोठं आणि पैशाला हलकं. त्यात फसवणूक काही नाही, फक्त सात दहा-दहा सेंटच्या हिऱ्यांना सत्तर सेंटच्या एका हिऱ्याचा भाव लावलेला नाही ना, तेवढं बघा.

परतीची अट लेखी घ्या. रोख परत किती टक्के, बदलून घेतल्यास किती, किती वर्षांत, आणि ते टक्के कशावर: बिलाच्या किमतीवर की त्या दिवशीच्या भावावर. मजुरी आणि जीएसटी परत येत नाही, हे धरूनच चाला. सोन्यासारखा हिरा पेठेत नेऊन त्या दिवशीच्या भावानं मोडता येत नाही. गुंतवणूक म्हणून हिरा घ्या, असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, ज्या ऑफिसांत पगार घेतला तिथेसुद्धा.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याबद्दल कालपासून सात जणांनी विचारलं. सुनांच्या, मुलींच्या साखरपुड्याचे दिवस आहेत. तर तो खोटा नाही. अमेरिकन डायमंड म्हणजे झिरकोनिया, ती वेगळी वस्तू. लॅबचा हिरा हा कार्बनच, तितकाच कठीण, उजेडाला तितकाच पटाईत. डोळ्यानं किंवा साध्या टेस्टरनं तुम्हाला, मला फरक सांगता येणार नाही, त्याला यंत्र लागतं. म्हणून बिलावर 'नैसर्गिक' की 'लॅबमधला' हे स्पष्ट लिहून घ्या. कटची परीक्षा दोघांना एकच. भाव मात्र नैसर्गिकाच्या लहानशा हिश्शाइतका असायला हवा. २०१८ साली डी बिअर्ससारख्या कंपनीनं असे हिरे कॅरेटला सरळ ८०० डॉलरला विकायला काढले, आणि त्यानंतर बाजारात भाव घसरतच आला आहे. घालायला हवा असेल तर खुशाल घ्या, थ्री एक्सच घ्या, तिथे कटमध्ये तडजोड करायला काही कारणच नाही. मोडायला म्हणून घेऊ नका.

जाता जाता एक. आपल्या शाळेच्या जिन्याजवळच्या फळ्यावर सुविचार असायचा, 'कोळशातूनच हिरा घडतो.' काल तो परत लिहिलेला पाहिला. सर, तो खरा नाही. कोळसा झाडांचा झाला. पृथ्वीवर झाडं उगवण्याच्या कितीतरी आधी, दीडशे-दोनशे किलोमीटर खोलीवर बहुतेक हिरे तयार होऊन बसले होते. फळा पुसा असं म्हणत नाही, मागच्या बाकावरच्या आम्हाला त्याचा आधार होता.

चहाच्या सुट्टीत ग्रंथालयाच्या उत्तरेकडच्या खिडकीशी एक टेबल मांडलंय. पांढऱ्या कागदावर दोन हिरे असतील, दोन्ही पन्नास सेंटचे, रंग आणि स्वच्छता सारखी. ज्याचा मालक माझ्यावर विश्वास ठेवून बसलाय त्याच्याकडून मागून आणलेत. आधी आयग्लासशिवाय, हातभर लांबून बघा, हलवून बघा, मग आयग्लास लावा. यातला जास्त पैशांचा कुठला, ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका. पहिली चिठ्ठी कुणाची असेल ते ठरलंय, ती तिथे आधीच जाऊन बसली आहे. आणि आयग्लास दोनच आहेत, ते परत द्या.